मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : कारखाना उभारला आणि सोपवलाही



वसई स्टेशनच्या पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या बाजूला औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. नालासोपाऱ्यात आणि विरारमध्ये तर रस्त्यारस्त्यावर दुकाने आहेत. फर्निचर, बेकरी, गॅरेज, शिलाई, भंगार, प्लास्टिकचा माल अशा धंद्यांवर आपल्यापैकी अनेकांची घरे चालतात. पुष्कळ पाट्यांवर मालकाच्या नावापुढे अँड सन्स असे लिहिलेले असते. ती पाटी वाचली की शिक्षकाच्या मनात सहज येते, यातले सन्स कुठे आहेत? एखादा आठवीतून शाळा सोडून गल्ल्यावर बसलेला आढळतो. दुसरा पदवी घेऊन नोकरीच्या अर्जांमागे लागलेला असतो आणि बापाच्या दुकानात पाय ठेवणे त्याला कमीपणाचे वाटते. बाप थकला की दुकान भाड्याने जाते, पुढे पाटीही उतरते.

शिक्षण आणि धंदा यांचे असे वैर आहे, हे आपण जवळजवळ धरूनच चाललो आहोत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत एका अशा माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवावेसे वाटले, की ज्यांनी विद्या थेट कारखान्यात नेली आणि तो कारखाना पुढच्या हाती नीट सोपवला. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात त्यांच्या कंपनीची एखादी गोळ्यांची पट्टी बहुधा असेलच. सिप्ला हे त्या कंपनीचे नाव. तिचे संस्थापक डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. ते जाऊन आता अर्धे शतक उलटले आहे. कंपनीचे नाव घरोघरी आहे, संस्थापकाचे मात्र आपल्या मुलांना ठाऊक नसते.

हमीदसाहेबांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 रोजी अलीगढ येथे झाला. घराणे ख्वाजांचे, खानदानी, आणि सर सय्यद अहमद खान यांच्या शिक्षणकार्याशी जवळीक असलेले. तेव्हा घरात पुस्तकांना मान होता. व्यापारउदीम मात्र या घराण्याचा पिंड नव्हता. अशा घरातल्या हुशार मुलाने वकील व्हावे किंवा सरकारी हुद्दा मिळवावा, हीच त्या काळची रीत. या मुलाला रसायनशास्त्राची गोडी लागली. अलाहाबादेस शिकत असताना 1920 मध्ये महात्मा गांधींची असहकाराची चळवळ सुरू झाली आणि हजारो विद्यार्थ्यांप्रमाणे हमीदही तिच्यात ओढले गेले. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. या नव्या राष्ट्रीय विद्यालयात हमीदसाहेबांनी काही काळ रसायनशास्त्र शिकवले. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हे तिथलेच त्यांचे स्नेही. ज्याने पुढे कारखाना काढला तो माणूस आधी मास्तर होता, हे माझ्या व्यवसायबंधूंनी अभिमानाने लक्षात ठेवावे!

वडिलांची इच्छा मात्र वेगळी होती. मुलाने विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे म्हणून त्यांनी काही मालमत्ता विकून पैसे उभे केले. मुलगा मुंबईस आला आणि बोटीवर चढला. पण ती बोट इंग्लंडची नव्हती. तो जर्मनीला गेला. हमीदसाहेबांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. आज ती ऐकताना गंमत वाटते; पण मालमत्ता विकून बसलेल्या बापाची त्या दिवशीची अवस्था आपणही बाप होऊन पाहा. मुलांनी आईबापांना न सांगता बोटी बदलाव्यात असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणतो की मुलाचा कल कशात आहे हे घरात आधीच कोणी विचारले असते, तर बोट बदलण्याची पाळी आली नसती.

जर्मनीच का? त्या काळी रसायनशास्त्रात जर्मनी जगाच्या पुढे होता. कोळशाच्या डांबरापासून रंग, रंगांच्या विद्येतून औषधे, असा तिथला उद्योग वाढला होता. विद्यापीठातला प्राध्यापक आणि कारखान्यातला रसायनतज्ज्ञ एकमेकांना ओळखत, एकमेकांच्या कामाला येत. प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट बाजारात कशी जाते हे तिथे डोळ्यांनी पाहता येई. आपल्याकडे तेव्हा बहुतेक नवी औषधे बाहेरून येत. पहिल्या महायुद्धात जहाजे अडली तेव्हा औषधांची कशी टंचाई होते हे देशाने अनुभवले होते. हमीदसाहेबांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या शहरातच त्यांची भेट लुबा या तरुणीशी झाली. ती व्हिल्ना शहरातली, यहुदी घरातली, समाजवादी विचारांची. व्हिल्ना म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस. 1928 मध्ये बर्लिनच्या मशिदीत दोघांचा निकाह झाला.

मायदेशी परतल्यावर डॉक्टरेटच्या कागदाने चूल पेटली नाही. काही वर्षे खटपटीत गेली. शेवटी 17 ऑगस्ट 1935 रोजी मुंबईत त्यांनी कंपनी नोंदवली : केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजेच सिप्ला. कंपनीचे अधिकृत नाव सिप्ला लिमिटेड असे 1984 मध्ये झाले. अधिकृत भांडवल 6 लाख रुपयांचे. जागा मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर, थोड्याच खोल्यांचा एक छोटा बंगला, 20 वर्षांच्या कराराने, महिना 350 रुपये भाड्याने. विरारहून आपली फास्ट लोकल मुंबई सेंट्रलला थांबते. तिथून हा रस्ता चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

इथे जरा थांबून हिशेब मांडू या. कंपनी नोंदवली ऑगस्ट 1935 मध्ये, आणि विक्रीसाठी पहिला माल तयार झाला सप्टेंबर 1937 मध्ये. मधली दोन वर्षे विकायला काही नाही आणि भाडे मात्र चालू. आपल्यातला एखादा होतकरू मुलगा दुकान टाकतो, सहा महिने गिऱ्हाईक बसले नाही की बंद करतो, आणि नशिबाला दोष देतो. नशिबापेक्षा बहुधा त्याने पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीजच केलेली नसते. धंद्याच्या शिक्षणातला हा पहिला धडा. माल विकायला लागण्याआधी किती दिवस तग धरायचा आहे आणि तेवढा पैसा कुठून येणार, हे वहीत लिहून काढायचे, मग पाटी रंगवायची.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. हमीदसाहेबांजवळ स्वतः तयार केलेल्या औषधांची सूत्रे होती, पेटंटे होती. ती त्यांनी कंपनीला दिली आणि त्याबद्दल रॉयल्टीची एक पैही घेतली नाही. कंपनीही भागधारकांची, लोकांकडून भांडवल घेतलेली. आता पाहा, डोक्यातली विद्या जर मालकाने डोक्यातच ठेवली असती, तर तो होता तोवर कारखाना चालला असता. ती कंपनीच्या नावावर गेली म्हणून कारखाना माणसावाचूनही उभा राहू शकला. आपल्याकडे बिर्याणीचा मसाला असो की पॉलिशचे मिश्रण, वस्ताद ते पोटच्या मुलालाही शेवटपर्यंत सांगत नाही. मग वस्ताद अल्लाला प्यारा झाला की मसालाही त्याच्याबरोबर जातो.

4 जुलै 1939 रोजी महात्मा गांधींनी या छोट्या कारखान्याला भेट दिली. दोनच महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी औषधांचा पुरवठा पुन्हा तुटला. या वेळी मात्र बेलासिस रोडवर प्रयोगशाळा तयार होती. कंपनीने आपली सारी साधने औषधी रसायने बनवण्याच्या कामी लावली. 1944 मध्ये भाड्याची ती जागा कंपनीने विकतच घेतली. याच काळात, देशात उद्योगांना उपयोगी पडणारे संशोधन व्हावे यासाठी हमीदसाहेबांनी सरकारला एक आराखडा दिला होता. 1942 मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या उभारणीत त्याचा वाटा आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 मध्ये सुरू झाली ती याच परिषदेची.

राजकारणातही ते होते, कायदेमंडळात बरीच वर्षे बसले आणि मुंबईचे शेरीफही झाले. मुस्लिम लीगच्या वाटेला ते गेले नाहीत. फाळणीच्या वेळी अनेक घरे आणि अनेक पेढ्या उठल्या, तेव्हा हे घर आणि हा कारखाना मुंबईतच राहिला. कंपनीने 1952 मध्ये स्वतःचा संशोधन विभाग उघडला, तर 1960 मध्ये विक्रोळीला दुसरा कारखाना सुरू केला.

आता मी आपल्याला मुख्य गोष्टीकडे नेतो. थोरले चिरंजीव युसूफ यांचा जन्म 25 जुलै 1936 चा, म्हणजे मुलगा आणि कंपनी जवळजवळ एकाच वयाचे. बापाने मुलाला शाळेतून काढून कारखान्यात बसवले नाही. आणि शिकून तू कुठेही जा, असे मोकळेही सोडले नाही. मुलगा मुंबईत शिकला, मग केंब्रिजला गेला, आणि तेथे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली रसायनशास्त्रातच डॉक्टर झाला. वय तेव्हा पुरते 24 नव्हते. 1960 मध्ये तो परत आला तो सरळ बापाच्या खुर्चीशेजारी बसला असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. संचालकाच्या नातेवाइकाला कंपनीत पगारी नेमायचे तर सरकारची परवानगी लागे, असा तेव्हाचा नियम. ती येईपर्यंत पहिले वर्षभर या केंब्रिजच्या डॉक्टरने बिनपगारी काम केले. काम प्रयोगशाळेतले होते, औषधाची मूळ रसायने इथेच बनवण्याचे. मालकाचा मुलगा म्हणून गल्ल्यात हात घालण्याची सोय नव्हती. ही अट सरकारची असली तरी माझ्या मते ती प्रत्येक दुकानात असायला हवी! धाकटे चिरंजीवही पुढे त्याच कंपनीत कामाला लागले.

1960 पासून 1972 पर्यंत, बारा वर्षे, बाप आणि मुलगा एका छपराखाली होते. त्या वेळी देशात पेटंटचा 1911 चा इंग्रजी कायदा चालू होता. एखाद्या औषधावर परदेशी कंपनीचे पेटंट असले की ते औषध दुसऱ्या पद्धतीने बनवण्याचीही इथल्या कारखानदाराला मुभा नव्हती. विद्या आहे, यंत्रे आहेत, रोगी दारात आहे, पण हात बांधलेले. 1961 मध्ये देशी औषध उत्पादकांनी आपला संघ स्थापन केला आणि हा कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. हमीद पिता-पुत्र त्या खटपटीत होते. धंद्यातले शिक्षण म्हणजे नुसता जमाखर्च नव्हे. ज्या कायद्याखाली आपण धंदा करतो तो वाचता येणे, तो अन्यायाचा असेल तर इतरांना बरोबर घेऊन त्याविरुद्ध उभे राहणे, हेही त्यातच येते. मुलगा हे सारे बापाच्या शेजारी राहून शिकला.

पालकहो, तुमच्या गाळ्याकडे या दृष्टीने एकदा पाहा. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर परवाना, बँकेचे खाते, जीएसटीचा नंबर सारे त्या एका नावाशी बांधलेले असते. तो माणूस गेला की खाते अडकते आणि वारसांना कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात. तोवर उधारी बुडते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. भागीदारी असेल आणि भागीदार दोनच असतील, तर एकाच्या मृत्यूने ती कायद्याने संपतेच. भागीदार अधिक असतील आणि करारपत्रात तसे लिहिले असेल, तरच ती पुढे चालते. कंपनी मात्र माणसाबरोबर मरत नाही. 2013 च्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते, आणि आपल्यामागे कोण, हे नाव तिच्या नोंदणीच्या वेळीच द्यावे लागते. खर्च आणि कागद वाढतात हे खरे. सगळ्यांनी कंपनीच काढावी असे नाही. निदान करारपत्र तरी वकिलाला दाखवून घ्या.

आपल्या समाजात आणखी एक पेच आहे. शरीयतने प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, त्यात मुलींचा आहे, विधवेचा आहे, आईबापांचाही आहे. तो द्यायलाच हवा. पण दहा बाय पंधराच्या गाळ्याचे हिस्से पाडले तर गाळाच उरत नाही, आणि हिस्से न पाडता थोरल्याने दडपून बसावे तर बहिणींचा हक्क मारला जातो. दोन्ही प्रकार आपण आजूबाजूला पाहतो. कंपनीचे शेअर असले की हिस्सा ज्याचा त्याला मिळतो आणि यंत्र जागेवर चालू राहते. हे ज्ञान नवे नाही, हमीदसाहेबांनी 1935 मध्येच आपली विद्या कंपनीच्या नावावर केली होती. याबाबत आलिम आणि वकील दोघांचाही सल्ला घ्यावा, आणि घ्यायचा तो हातपाय धड असताना.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाटेल हे मोठ्यांचे बोलणे. पण दहावीच्या सुट्टीत वडिलांच्या दुकानाची एका महिन्याची आवक-जावक तुम्ही वहीत मांडून पाहा. कोणता माल खपतो, कोणता पडून राहतो, उधारी किती दिवसांनी येते. हा वाणिज्य शाखेचा जिवंत प्रयोग आहे. हातकामाची आवड असेल तर आयटीआयचा दरवाजा आहे. धंदा सुरू करण्याचे रीतसर प्रशिक्षण महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र देते. कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे योजना असतात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाल्यापासून जिल्ह्याच्या कामांसाठी ठाण्याला जाण्याचे पूर्वीचे कारणही उरलेले नाही. अर्ज मराठीत भरता येतो. एवढ्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

आणि मुलींच्या आयांना एक सांगायचे आहे. घरी बसून शिवणकाम, मसाले, केटरिंग करणाऱ्या आपल्या भगिनी धंदाच करीत असतात. त्याला आपण धंदा म्हणत नाही, म्हणून त्याचा हिशेबही ठेवत नाही. अँड सन्सच्या पाटीवर मुलीचे नाव का नसावे, याचे उत्तर मला तरी कोणी दिलेले नाही.

देशाचा नवा पेटंट कायदा 1970 मध्ये संमत झाला आणि 20 एप्रिल 1972 रोजी अमलात आला. औषधाच्या मूळ पदार्थावरचे पेटंट त्याने काढून टाकले; फक्त बनवण्याच्या पद्धतीवर आणि तेही थोड्या वर्षांसाठी पेटंट ठेवले. बांधलेले हात सुटले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 23 जून 1972 रोजी, डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे मुंबईत निधन झाले. वय 73. ज्या कायद्यासाठी धडपड केली त्याचे फळ चाखायला ते राहिले नाहीत. पण बारा वर्षे प्रयोगशाळेत राबलेला, कायदा समजणारा, कामगारांना ओळखणारा 35 वर्षांचा मुलगा जागेवर होता.

त्यापुढचे थोडक्यात सांगतो. दम्याच्या फवाऱ्याची औषधे कंपनीने 1976 मध्ये बाजारात आणली. 1982 मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला चौथा कारखाना सुरू झाला. फेब्रुवारी 2001 मध्ये डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधांची वर्षभराची मात्रा सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला 350 डॉलरला देऊ केली, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. परदेशी कंपन्या तोवर त्याच उपचाराचे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक घेत होत्या. आफ्रिकेतल्या रोग्यांना औषध परवडण्याची वाट त्यातून उघडली. 2013 मध्ये युसूफसाहेब व्यवस्थापकीय संचालक पदावरून उतरले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून घराबाहेरचा जाणकार नेमला गेला. पुढे 2016 मध्ये कार्यकारी उपाध्यक्षपदावर संस्थापकांच्या तिसऱ्या पिढीतले माणूस आले. ती हमीदसाहेबांची नात होती.